जुन्या गाडीचा तेलडबा
गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका गृहस्थांनी आपल्या जुन्या टर्बो डिझेल जीपसाठी स्वस्तातला ऑइल कॅच कॅन कोणता घ्यावा, असे आम्हांस विचारले. सेमिनरीत हा विषय नव्हता. आमच्या जुन्या गाडीने तो शिकविला.

पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू तेलाचे तुषार घेऊन ब्रीदरच्या नळीने टर्बोकडे जातो आणि इंटरकूलर तेलकट करतो. डबा ते तेल वाटेत अडवितो. स्वस्त डब्यास हरकत नाही, मात्र झाकण उघडून पाहावे. आत आडपडदे वा जाळी नसेल, तर तेल वायूबरोबर पार निघून जाते. डब्याची तोंडे मूळ नळीहून अरुंद नसावीत. अन्यथा क्रँककेसमध्ये दाब वाढून ऑइल सील गळू लागतात. नळीही तेलास टिकणारी हवी. आम्ही काटकसर म्हणून पाण्याची नळी जोडली होती. ती फुगून मऊ पडली!

बोलता बोलता कळले, त्यांची गाडी दर आठवड्यास तेल मागते आणि ब्रीदरमधून धूर येतो. झिजलेल्या रिंगांना डबा काय करणार? डब्याचे पैसे राखून आधी कॉम्प्रेशन तपासा, असे आम्ही सांगताच त्यांचा चेहरा उतरला. त्याच गाडीच्या भाड्यावर त्यांची चूल पेटते. बुधवारी ते मिस्त्रीकडे जाणार आहेत.