पलंगाशेजारच्या माणसाची नोंद कुठे आहे?

दुबईतल्या अल कुसैसमध्ये पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा साताऱ्यात सात वाजलेले असतात. ड्यूटीला निघण्याआधी मुलगा बॉटिमवर घरी फोन लावतो. आई मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेल्या नवऱ्याच्या खांद्याखाली एक आणि कमरेखाली दुसरा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना आपलं आपण कुशीवर वळता येत नाही. मुलगा विचारतो, पैसे मिळाले का? ती मिळाले म्हणते आणि हळूच चादर ओढून घेते, पाठीवरची जखम त्याला दिसू नये म्हणून. अल कुसैस, अल नहदा, मुहैस्ना या पट्ट्यात चार मराठी माणसं एकत्र बसली, की एखाद्याच्या घरची हकीकत थोड्याफार फरकाने हीच निघते.

आज आम्ही त्या आईबद्दल लिहीत आहोत. माजी सैनिकाबद्दल भाषणं होतात, ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान उभी राहते. पण म्हातारपणी, आजारपणात तो ज्या माणसाच्या आधाराने जगतो, ते माणूस आता मोडायला आलं आहे. ते मोडलं तर सैनिकही त्याच दिवशी निराधार होतो. हे संकट दाराशी येऊन उभं आहे, आणि सरकारच्या एकाही रजिस्टरात त्या माणसाची गणती नाही.

हे काम काय असतं ते आधी नीट पाहू. पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. नाही बदलली तर माकडहाडावर लाल चट्टा उठतो, चट्ट्याची जखम होते आणि जखम हाडापर्यंत जाते. रुग्णालयात यासाठी तीन पाळ्या असतात. घरी एकच पाळी, आणि ती संपत नाही. लघवीची नळी, नाकातल्या नळीतून पातळ जेवण, डायपर, इन्सुलिन, पुन्हा कूस. हे सगळं करणारी बाई स्वतः पासष्ट-सत्तरीची, गुडघे गेलेली, आणि आपल्यापेक्षा वजनदार माणसाला उचलणारी. कंबर न मोडता माणूस कसा उचलायचा हे तिला कुणीही शिकवलेलं नसतं. स्मृतिभ्रंश असेल तर आणखी वेगळी परीक्षा. रात्री दोनला म्हातारा उठतो, गार्ड ड्यूटी आहे म्हणतो आणि दाराची कडी काढू लागतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या प्रत्येकामागे रात्र जागणारं एक तरी माणूस आहे.

१ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेने लाखो माजी सैनिकांच्या घरांवरचं रुग्णालयाच्या बिलाचं ओझं हलकं केलं. ते श्रेय दिलंच पाहिजे. पॉलीक्लिनिकमधून रेफरल घ्यायचं, यादीतल्या रुग्णालयात दाखल व्हायचं, उपचार होतात. पण डिस्चार्ज मिळाला की कार्डाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. घरी महिनोन्‌महिने लागणाऱ्या परिचारिकेचा किंवा ब्युरोच्या मावशीचा खर्च घरानेच सोसायचा. मुलगा म्हणतो, इकडेच घेऊन येतो दोघांना. पण हे कार्ड भारत आणि नेपाळपलीकडे चालत नाही. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचा विमा साध्या पगाराच्या माणसाला झेपत नाही. मग पैसे तिकडे जातात आणि हात इकडेच राहतात.

सोबत लागणाऱ्या माणसासाठी सैन्याच्या पेन्शन नियमांत एक तरतूद आहे, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून तिचा दर महिना ६,७५० रुपये ठरला. म्हणजे तेव्हा दिवसाला २२५ रुपये. पुण्यात ब्युरोची बाई नुसत्या बारा तासांचे याच्या कितीतरी पट घेते. त्यातही अपंगत्व १०० टक्के हवं, ते सैन्यसेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं हवं, आणि मेडिकल बोर्डाने तसं लिहून द्यायला हवं. निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी आलेला अर्धांगाचा झटका यात बसत नाही. स्मृतिभ्रंशही बसत नाही. म्हणजे सीमेवर जखमी झालेल्या मोजक्यांसाठी अपुरा भत्ता, आणि म्हातारपणाने खाली पडलेल्या बाकी सगळ्या सैनिकांच्या घरांसाठी काहीच नाही.

जबाबदारी मात्र सगळ्यांनी या घरांवर टाकली आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचं कायदेशीर कर्तव्य ठरवलं, पण सांभाळणाऱ्याला आधार कोण देणार याचं उत्तर दिलं नाही. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात वडील वारले तर तीन दिवसांची भरपगारी रजा आहे. वडील अंथरुणाला खिळले तर वेगळी रजा नाही, असेल-नसेल ती वार्षिक सुट्टी मोडायची. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या आणि त्यांची दिवसाला सुमारे १४० मिनिटं त्यात जातात. पुरुषांत हेच प्रमाण २१ टक्के आणि ७४ मिनिटं. साठीपुढची, नवऱ्याला उचलणारी बाई या आकड्यांत तर धरलेलीच नाही.

कागदांचं ओझं वेगळंच. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. चेहरा ओळखणाऱ्या ॲपसमोर डोळे मिचकावायचे असतात, आणि झटक्याने चेहऱ्याची एक बाजू गेलेल्या माणसाला ते जमत नाही. सैनिकी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर मुलगा अल कुसैसमधून रात्री लॉगिन करतो. ओटीपी साताऱ्यातल्या मोबाइलवर जातो, आणि आई चष्मा शोधेपर्यंत त्याची वेळ संपते.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे पहिल्या महायुद्धात ४६ जवान देऊन ‘मिलिटरी अपशिंगे’ झालं. शिरोळ तालुक्यातल्या गावाला लोक सैनिक टाकळी म्हणू लागले. अशा गावांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं फौजेत पाठवली, तेव्हा मागे घर भरलेलं असायचं. भाऊ, भावजया, पुतणे असायचे, आणि म्हाताऱ्याला उचलायला चार हात मिळायचे. आज फौजीचा एक मुलगा पुण्यात, दुसरा आखातात आणि मुलगी सासरी असते. सैनिकाची सेवा करणारं एकत्र कुटुंब संपलं. सरकारच्या सगळ्या योजना मात्र ते अजून आहे असं धरूनच चालल्या आहेत.

याहून मोठं संकट पुढे आहे. १४ जून २०२२ रोजी चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पुरी होतात. त्यांतले बहुतेक पेन्शन आणि ईसीएचएसशिवाय घरी परततील. सेवेत अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे, पण पेन्शनच नाही, म्हणून पेन्शनीला जोडलेला सोबतीचा भत्ताही नाही. मणक्याला मार बसलेला बावीस वर्षांचा मुलगा पुढची पन्नास वर्षं जगेल. त्याची आई पंचेचाळिशीची असेल. ती सत्तरीची होईल तेव्हा तो पन्नाशीलाही पोचलेला नसेल. तिच्यानंतर कोण, हा प्रश्न आज कुणीही विचारत नाही.

हा प्रश्न आधीही दिसला होता. खडकवासल्याच्या एनडीएसारख्या संस्थांत प्रशिक्षणातच जायबंदी झालेले कॅडेट वर्षानुवर्षं घरी पाठवले जात होते आणि त्यांचे आईवडील त्यांना सांभाळत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, त्यानंतर या कॅडेटांना ईसीएचएस मिळालं. त्याआधी कितीतरी आया त्या पलंगाशेजारीच म्हाताऱ्या झाल्या.

करता येतं, हे जगात दिसलं आहे. अमेरिकेने २०१० साली कायदा करून जखमी सैनिकाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला स्वतःच्या नावाने नोंदलं. त्याला दरमहा मानधन, प्रशिक्षण, आरोग्य विमा आणि वर्षाकाठी किमान तीस दिवसांची उसंत ठरवून दिली. आधी हा लाभ ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांच्या घरांपुरता होता, २०१८ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने सगळ्या काळातल्या सैनिकांच्या घरांपर्यंत गेला. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सेवा करणाऱ्याच्या हातात देण्यासाठी आहे. आपण राहतो त्या देशात २०१५ साली अबू धाबीत शहिदांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं गेलं. तिथे धोरणाचा विषय कुटुंब आहे.

महाराष्ट्र सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, ती चांगली गोष्ट. आता पुढचं पाऊल टाकावं. सैनिक कल्याण विभागाने जिल्हा कार्यालयांमार्फत सेवा करणाऱ्या माणसाची नोंदणी सुरू करावी. पत्नी, सून, मुलगी, भाऊ, जो कुणी असेल तो. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकी विश्रामगृहं आहेत. तिथल्या दोन-तीन खोल्यांत महिन्यातून आठवडाभर रुग्णाला ठेवून घेता आलं, तर घरच्या बाईला झोप मिळेल आणि तिचं स्वतःचं ऑपरेशनही उरकता येईल. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून मणक्याच्या रुग्णांना सांभाळण्याचा अनुभव साठला आहे. तो पॉलीक्लिनिकच्या नर्सेसमार्फत घरोघर पोचवा. केंद्राने सोबतीच्या भत्त्याला लावलेली सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची अट काढावी. माणूस परावलंबी आहे का, एवढंच पाहावं. आणि अग्निवीरांचा निर्णय पहिली तुकडी घरी येण्याआधी व्हावा.

अल कुसैसमध्ये राहणाऱ्यांनीही फक्त सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. पाठवलेल्या पैशांतून आधी रात्रपाळीची बाई ठेवा, फर्निचर नंतर. भावंडांनी सुट्ट्या एकाच गणपतीत न घालवता वाटून घ्या, म्हणजे वर्षातून चार वेळा तरी आईला पाळी बदलून मिळेल. महाराष्ट्र मंडळांत बसून एका संध्याकाळी सगळ्यांचे ‘स्पर्श’चे अर्ज भरून टाका. आपल्यात नर्सची नोकरी करणाऱ्या मराठी मुली आहेत. रुग्णाला कसं उचलायचं, जखम कशी पुसायची हे त्यांच्याकडून चित्रीकरण करून घ्या आणि गावच्या ग्रुपवर पाठवा.

उद्या पहाटे फोन लावाल तेव्हा मोबाइल पुन्हा तांब्याला टेकवलेला असेल. पैशांचं विचारू नका. आईला चादर बाजूला करायला सांगा आणि पाठ बघा.