मूळ प्रत फोनवरच हवी

गूगल मॅप्सच्या ‘टाइमलाइन’मधल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मार्च २०२५ मध्ये काही जणांच्या फोनवरून पुसल्या गेल्या. तांत्रिक बिघाड झाल्याचे गूगलने मान्य केले. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर नोंदी परत मिळू शकतील, असेही कळवले. या नोंदी पूर्वी गूगलच्या सर्व्हरवर असत. त्या फोनवर हलवण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले होते. अमुक वेळी अमुक जागी कोण कोण होते, अशी यादी अमेरिकेतले पोलीस वॉरंट काढून गूगलकडून मागवत. नोंदी फोनवर गेल्यावर ती देणे गूगलच्या हातात उरले नाही. निर्णय योग्यच होता. अडले ते बॅकअपपाशी, कारण तो ऐच्छिक होता, आणि ऐच्छिक बटणाकडे किती जण वळतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

रोजखर्च, डायरी, मासिक पाळी, औषधांच्या वेळा अशी अ‍ॅप आपल्यापैकी अनेक जण बनवतात. पहिल्याच दिवशी लॉगिन आणि सर्व्हर उभा करायची आपल्याला सवय लागली आहे. आमचे मत उलट आहे. मूळ प्रत फोनवर, साध्या एसक्यूलाइटमध्ये असावी. सर्व्हरवर गेलीच तर कुलूपबंद प्रत जावी आणि तिची किल्ली आपल्याकडे नसावी. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहितीची पुरेशी राखण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. दोन-तीन जणांच्या कंपनीने घराघरांतल्या औषधांच्या याद्या उघड्या स्वरूपात सांभाळायचा हट्ट का धरावा?

मात्र ‘तुमची माहिती फक्त तुमच्या फोनवर’ असे प्ले स्टोअरवर लिहिण्याआधी आपली मॅनिफेस्ट फाइल उघडा. अँड्रॉइड ६ पासून ऑटो बॅकअप आपोआप चालू असतो. ‘अलाउ बॅकअप’ बंद केले नसेल, तर डेटाबेस वापरकर्त्याच्या गूगल खात्यात जातो, म्हणजे आपले वाक्य खोटे ठरते. त्यातही मर्यादा २५ एमबीची. ती ओलांडली की बॅकअप थांबतो आणि वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. ना धड खासगी, ना धड सुरक्षित. ब्राउझरमधल्या अ‍ॅपची गत आणखी वाईट: सात दिवसांच्या वापरात साइटला हात लागला नाही, तर सफारी तिथला साठा पुसून टाकते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. फोनवरची माहिती कंपनीपासून वाचते, घरच्यांपासून नाही. आपल्याकडे एकच फोन नवरा-बायको, मुले, सासू असे सगळे हाताळतात. पाळीच्या किंवा मानसोपचाराच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपला स्वतःचा वेगळा पिन हवाच, आणि नोटिफिकेशनमध्ये काय दिसते याचाही विचार हवा.

एकच हिशेब अनेकांनी लिहायचा असेल, तर सर्व्हर लागेल. तिथे वाद नाही.

बाकीच्यांनी पुढची आवृत्ती सोडण्याआधी एवढे करावे: पहिली नोंद होताच बॅकअपचे विचारावे, किल्ली हरवली तर नोंदी आम्हीही उघडू शकणार नाही हे तिथेच स्पष्ट लिहावे, सगळ्या नोंदी सीएसव्हीत बाहेर काढायची सोय द्यावी. मग दुसऱ्या, कोऱ्या फोनवर अ‍ॅप टाकून नोंदी परत येतात का, हे स्वतः पाहावे. येत नसतील तर आवृत्ती थांबवा.