रंग खरवडा हो!

रंग या वस्तूशी माझे व्यक्तिगत वैर नाही. लग्नाआधी आमच्या घराला रंग दिला होता म्हणून मुलीकडच्यांनी होकार दिला, असे आमची सौ. आजही सांगते. (रंग उडाल्यावर काय निघाले, तेही सांगते.) पण आज रंगाविरुद्ध चार शब्द बोलणे भाग आहे, आणि सुरुवात विमानापासून करायची आहे.

तुम्ही म्हणाल, कळमनुरीच्या बँकेतल्या कारकुनाला विमानाशी काय करायचे? खरे आहे. आमच्याकडे विमान दिसते ते डोक्यावरून जाताना. पण कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर चक्क सहा आसनी विमान बांधल्याचे वाचले आणि आमच्या गच्चीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तिथे आजवर पापडांपलीकडे काही झाले नव्हते. त्यांचे विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी अर्ज २०११ चा, नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात! हे वाचून आमच्या कर्ज विभागाला बरे वाटले.

तेव्हापासून घरी बांधलेल्या विमानांबद्दल मिळेल ते मी वाचतो. त्यात एक मजेची गोष्ट कळली. बोलण्यासाठी विमानाला अँटेना लागते. तो दांडा साधारण दोन फुटांचा. कारण विमानांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्या लहरीची पाव लांबी तेवढीच भरते. पण दांडा म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे खालचा विमानाचा पत्रा! दांड्याच्या बैठकीचा पत्र्याशी उघडा, धातूला धातू असा संबंध हवा. मधे रंग आला की संपले. रंग विजेला वाट देत नाही. मग आपण ओरडतो आणि खालच्या माणसाला खरखर ऐकू येते. म्हणून वर्षानुवर्षे खपून, सुंदर रंग देऊन झाल्यावर, त्याच हातांनी बैठकीखालचा रंग खरवडायचा, चकचकीत धातू काढायचा, मीटर लावून जोड तपासायचा आणि मग कडेने लुकण भरायचे, म्हणजे पाणी शिरून गंज धरत नाही. विमान लाकडाचे किंवा कापडाचे असेल, तर आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवायच्या.

आता आमच्या शाखेत या. मोठे साहेब येणार म्हणून शाखेला रंग झाला. रंगारी दिलदार, भिंती, दारे, खिळे आणि अर्थिंगची पट्टीसुद्धा त्याने रंगवली. पट्टीवरची तार सोडली होती, ती रंगावरच पुन्हा आवळली. मोठे साहेब खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून यूपीएस रुसला आणि मशीन बंद. तीन दिवस मी काउंटरवरून एकच मंत्र म्हणत होतो : "लिंक नाही."

तिसऱ्या दिवशी निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, बसला पैसे घालून तीनदा आले. भिंत तर लई झ्याक केली तुम्ही. पैसे कामून नाहीत?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

नांदेडहून इंजिनिअर आला. त्याने तार सोडली, पॉलिश पेपरने इंचभर रंग घासला, तार आवळली. पाच मिनिटांत यूपीएस ताळ्यावर! तीन दिवस आणि म्हातारीची तीन भाडी, सगळे त्या इंचभर रंगाखाली होते.

माझा राग रंगाऱ्यावर नाही. राग आहे तो रंग पाहून शेरा लिहिणाऱ्यांवर. घरी विमान बांधणारा माणूस त्यात स्वतः बसणार असतो, म्हणून तो आपल्याच रंगावर चाकू चालवतो. आमच्या शाखेत मोठे साहेब बसत नाहीत. म्हातारी बसते, तीही बाकावर. भिंतीऐवजी तिला विचारून शेरा लिहा की! पुस्तकात ओळ वाढेल, बिघडेल काय?

कालच आमचे मॅनेजर पट्टीकडे बघून म्हणाले, "तेवढा पॅच वाईट दिसतोय हो. हात मारून घ्यायचा का?"

मी बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा साहेबांना 'नाही' म्हणालो. आणि डबा बाकावर मागे सरकवला. रंगाचा.