‘इतर’ या आजारावर उपचार काय, महोदय?

प्रति,
केंद्रीय आरोग्य मंत्रालय, नवी दिल्ली.

महोदय,
आरोग्य नोंदींची मानके आपण २०१३मध्ये जाहीर केलीत, २०१६मध्ये सुधारलीत. मधल्या काळात, २०१४मध्ये, भारत ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय संज्ञाकोशाचा सभासद झाला. साडेतीन लाखांहून अधिक वैद्यकीय संकल्पना, वापरायला फुकट, आणि मदतीला पुण्याच्या सी-डॅकमध्ये राष्ट्रीय केंद्र. अभिनंदन! आता भिलाईतल्या कोहक्यात या.

मी इथे लॅब टेक्निशियन आहे. छत्तीसगडमध्ये सिकलसेल घरोघरी, हे आपल्याला सांगायला नको. सिकलिंग चाचणी वाहकाचीही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाचीही. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये: एएस वाहक, एसएस रुग्ण. १९९०मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणातही हे वेगळे आहेत. डी५७.० म्हणजे क्रायसिससह (वेदनेचा झटका), डी५७.१ क्रायसिसविना, डी५७.३ वाहक. स्नोमेडमध्ये तर प्रत्येक संकल्पनेला कायमचा क्रमांक. डॉक्टर कोणतेही पर्यायी नाव लिहोत, ते त्याच क्रमांकाखाली जाते. आणि संकल्पना वरच्या गटाशी जोडलेली असल्याने ‘हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार’ एवढे विचारले तरी एसएसचा रुग्ण सापडतो.

माझ्या भाच्याचा रिपोर्ट स्वच्छ एसएस. त्याची नोंद करताना एका खासगी रुग्णालयाच्या संगणकात यादी उघडली: ‘ॲनिमिया’, ‘ॲनेमिया’, ‘एससीए’, ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’, ‘इतर’. ऑपरेटरने चौथे निवडले. पुढे एका रात्री पोराची हाडे ठणकू लागली, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिले, ‘वाहक दिसतोय’ म्हणाले आणि बाकावर बसवले. घरून कागद येईपर्यंत तो कळवळत होता. तक्रार केली, सॉफ्टवेअरवाल्याला कळवतो म्हणाले. यादीत आजही तीच पाच नावे आहेत, आणि एसएसचे पेशंट पाचांत विखुरलेले. (बिलाचे कोड मात्र कधी चुकत नाहीत.)

१ जुलै २०२३ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. ७ कोटी तपासण्या, २०४७चे उद्दिष्ट. मिशनच्या आकड्यांत वाहक वेगळे, रुग्ण वेगळे. मग हाच भेद रुग्णालयाच्या पडद्यावर ऐच्छिक कसा? माणसाला आपण १४ आकडी ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक दिलात; त्याच्या आजाराला क्रमांक द्यायचा की नाही, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेत. हा हलगर्जीपणा आहे आणि तो आपला आहे.

निदानाच्या रकान्यात कोड भरल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये, आणि असे न करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपल्या डिजिटल आरोग्य मिशनची मान्यता मिळू नये, असा आदेश काढा. ‘मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत’ हे उत्तर कृपया पाठवू नये. त्या सूचना मी वाचल्या आहेत.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, कोहका, भिलाई