चालीचे खाते, शब्दांचे खाते

बार्शीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी धाकट्या मुलाचे लग्न दोन आठवड्यांवर आले होते. दुकान वाढवून मंडळी घरी आली की दिवाणखान्यात संगीतसंध्येची तालीम चाले. एके रात्री नृत्य शिकविणाऱ्या मुलाने ‘मोहरा’ चित्रपटातील ‘मस्त मस्त’चे गाणे लावले. ठेका सुरू होताच गुडघेदुखीने त्रासलेल्या आत्याबाईंचे पाऊलही थिरकू लागले. आजोबांची बोटे आरामखुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. आठ वर्षांची नात मात्र नाचता नाचता थांबली.

“आजोबा, काकूला चीज का म्हणायचे? चीज तर पिझ्झ्यावर असते ना?”

सारे हसले. आजोबाही हसून म्हणाले, “ते चीज नव्हे, बाळ. हिंदीत चीज म्हणजे वस्तू.”

“म्हणजे आपल्या दुकानात असते तशी?”

या दुसऱ्या प्रश्नावर कोणी हसले नाही.

‘मोहरा’ प्रदर्शित झाला 1994 साली. आनंद बक्षी यांचे शब्द, विजू शाह यांचे संगीत आणि उदित नारायण व कविता कृष्णमूर्ती यांचे स्वर लाभलेले हे गाणे तीस वर्षे उलटली तरी लग्नमंडपातून हटलेले नाही. परंतु त्याची मूळ चाल चित्रपटाची नव्हेच. ती नुसरत फतेह अली खाँ यांनी जगभर पोहोचविलेल्या ‘दम मस्त कलंदर’ या सूफी कव्वालीवर बेतलेली आहे. तिथे ‘मस्त’ म्हणजे परमेश्वराच्या ध्यासात देहभान हरपलेला फकीर. चित्रपटात तोच शब्द, तीच लय स्त्रीच्या रूपाला चिकटली आणि तिच्या जोडीला ‘चीज’ येऊन बसली.

उलट दिशेचा प्रवासही समाजाच्या परिचयाचा आहे. भक्तिसंध्येत चित्रपटगीतांच्या चालींवर रचलेली स्तवने भाविक डोळे मिटून गातात, तेव्हा मूळ गाणे काय होते याची कोणी चौकशी करीत नाही. याचा अर्थ एवढाच की चाल ही भांड्यासारखी असते. तिच्यात भक्ती ओतावी, भक्ती वाहील. हीन शब्द ओतावेत, तेही तितक्याच सहजतेने वाहतील. म्हणून ठेक्यावर पाऊल हलले, याची लाज बाळगण्याचे कारण नाही. धोका निराळा आहे. गोड चालीवर आलेला शब्द, सही न तपासता वटलेल्या धनादेशासारखा, कोणत्याही पडताळणीविना मनात जमा होतो. जे वाक्य भर बाजारात कोणी परक्याने लेकीला उद्देशून उच्चारले तर बापाचा हात उठेल, तेच वाक्य ढोलकीच्या साथीने आले की तोच बाप टाळ्या वाजवितो.

यावर बंदी हा उपाय अनेकांना सुचतो. इतिहास मात्र त्याला अनुकूल नाही. 1952 नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला, आणि अखेर 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. 1993 मध्ये ‘खलनायक’मधील ‘चोली’च्या गाण्याविरुद्ध दिल्लीत न्यायालयाचे दार ठोठावले गेले, त्याच गाण्यासाठी अलका याज्ञिक व इला अरुण यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘खुद्दार’ चित्रपटातील एका गाण्यात ‘सेक्सी’ऐवजी ‘बेबी’ हा शब्द घातला गेला. लोकांच्या तोंडी पहिलाच शब्द राहिला.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हेही खरे नाही. 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर आणि गाण्यांवर ज्या पिढीने चित्रपटगृहे दणाणून सोडली, तीच आज नातवंडांच्या भ्रमणध्वनीतील गाण्यांवर नाक मुरडते. नातवंडांना ही विसंगती दिसत नाही असे नाही. ती केवळ बोलत नाहीत.

मग मार्ग कोणता? व्यापारी घराला तो ठाऊक असायला हवा. एका खात्यातील जमा दाखवून दुसऱ्या खात्यातील बाकी लपविता येत नाही. चाल उत्तम आहे, हे तिच्या खात्यात मोकळेपणाने लिहावे. शब्द अपमानकारक आहेत, हेही त्यांच्या खात्यात तितक्याच स्पष्टपणे लिहावे. ‘गाणे आवडते, म्हणून शब्दांत काही वावगे नाही’ हा हिशेब जितका खोटा, तितकाच ‘शब्द वाईट, म्हणून गाणे आवडतच नाही’ हाही खोटा.

जैन विचाराने याहून सूक्ष्म मापही दिले आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. रस्त्यावरून जाताना गाणे कानी पडले, मनात घोळत राहिले, तर त्यावर कोणाचा फारसा ताबा नसतो. पण तेच गाणे निवडून, पैसे मोजून, पाहुण्यांसमोर घरच्या सुनेच्या स्वागताला लावणे हे अनुमोदन आहे. दुकानदार बाजारात शंभर प्रकारचा माल पाहतो. आपल्या फळीवर कोणता ठेवायचा, हे मात्र तोच ठरवितो, आणि दुकानाचे नाव त्यावरूनच होते.

निवडीसाठी एक साधी कसोटी आहे. संगीत बंद करून गाण्याचे शब्द घरातील लेकीसुनांसमोर एकदा सावकाश वाचावेत. वाचता आले, तर गाणे लावावे. जीभ अडखळली, तर निर्णय झालाच.

बार्शीच्या त्या घरात दुसऱ्या दिवशी आत्याबाई वही-पेन घेऊन बसल्या. चाल तीच ठेवून त्यांनी नवऱ्या मुलाच्या विसराळूपणावर आणि नवरीच्या हिशेबी स्वभावावर चार कडवी जुळविली. यमके ओढूनताणून आणलेली होती, एक ओळ तर ठेक्यात बसतच नव्हती. संगीतसंध्येला टाळ्या मात्र भरपूर पडल्या. मागच्या रांगेतील काही तरुण मूळचेच शब्द गुणगुणत होते, हेही खरे. नातीने त्यांच्याकडे वळून पाहिले आणि आत्याबाईंची कडवी अधिक मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.