भीड आणि भाव

आयुष्यातले पहिले घर विकत घेण्याच्या बैठकीत विक्रेत्या काकांचे पहिलेच वाक्य असे होते : "तुम्ही दोघं शिक्षक माणसं. तुमच्याशी काय घासाघीस करायची!" वाक्य आदराचे होते आणि त्याने आमचे तोंड बंद केले. मग चहा आला, काकूंनी चिवडा आणला, आणि ७८ लाख हा आकडा त्या चिवड्याच्या बशीशेजारी असा ठेवला गेला की त्याला हात लावणे असभ्यपणाचे ठरावे. कोथरूडमधली तीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ५६० चौरस फूट. यातले एकही विशेषण आम्हाला त्या दिवशी उच्चारता आले नाही. "विचार करून कळवतो" म्हणून आम्ही उठलो.

परतताना याच 'आम्ही' कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी तीन रुपयांसाठी हुज्जत घातली. जुडी पंधराला मिळाली आणि घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. लाज हुज्जतीची नव्हती. जिथे आपला हात वर असतो तिथे आपल्याला भाव करणे स्वाभाविक वाटते आणि जिथे समोरचा आपल्यासारखाच सुशिक्षित, सुसंस्कृत असतो तिथे तेच करणे हलके वाटते, या भेदाची ती लाज होती. आपल्या वर्गाने या भेदाला सुसंस्कृतपणा हे नाव दिले आहे. आम्हाला ती शुद्ध भीड वाटते; आणि भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

साहित्याच्या माणसाला ही भीड जरा अधिकच असते. पैशाचे बोलणे म्हणजे अरसिकता, असा एक संस्कार आपल्या अंगात मुरलेला आहे. शिवाय आपण शब्दांना फार लवकर भुलतो. त्या एका वस्तूला किती नावे होती पाहा. काका 'घर' म्हणत होते, आमचे नातेवाईक 'जागा' म्हणत होते, एजंट 'प्रॉपर्टी', बँक 'तारण' आणि दस्तऐवज 'सदनिका'. काकांनी 'घर' हा शब्द उच्चारला की त्यात मुलांची लग्ने, गॅलरीतला झोपाळा, समोरचे बुचाचे झाड असे सगळे यायचे आणि भाव करणे म्हणजे त्यांच्या आठवणींना कमी लेखणे वाटायचे. वस्तुतः आठवणी विकायला नव्हत्याच. विकायला होती ती सदनिका, आणि तिच्या इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नव्हती. नवे घर घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरविरुद्ध दाद मागण्याची जागा तरी दिली. जुन्या घराच्या फेरविक्रीत खरेदीदाराला आधार असतो तो त्याने वेळेवर विचारलेल्या प्रश्नांचाच.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. "सर, अडुसष्टचं अ‍ॅग्रीमेंट करू, दहा रोख. तुमचीही स्टँप ड्यूटी वाचेल." इथे आम्ही वहीत गणित मांडले, आणि ते प्रत्येक नव्या खरेदीदाराने मांडावे. पुण्यात मुद्रांक शुल्क उपकर धरून ७ टक्के. म्हणजे दहा लाखांवर वाचणार सत्तर हजार. परंतु बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. ८० टक्के धरले तर ७८ लाखांवर ६२ लाख ४० हजार, ६८ लाखांवर ५४ लाख ४० हजार. अर्थात सत्तर हजार वाचवण्यासाठी आम्ही आणखी आठ लाख स्वतःचे उभे करायचे. शिवाय २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आम्ही नीतीच्या बळावर नकार दिला असे सांगायला आवडले असते. खरे हे की आमच्याकडे ते आठ लाख नव्हते. नीती त्यामागून आली.

मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून त्याच इमारतीतल्या आधीच्या विक्रीची 'सूची क्रमांक २' काढली. तिसऱ्याच मजल्यावरची, तेवढीच सदनिका वर्षभरापूर्वी ६४ लाखांना नोंदलेली. पण त्या ६४ खाली किती रोख दडलेली होती कोण सांगणार? आपण वर्गात अविश्वसनीय निवेदक शिकवतो. सरकारी दप्तरातही तो सापडेल असे वाटले नव्हते. तरीही हातात एक कागद असणे आणि काहीच नसणे यात अंतर असते.

दुसऱ्या बैठकीला आम्ही कागदावर लिहूनच नेले. लिफ्ट नाही, जमिनीचे अभिहस्तांतरण बाकी, गच्चीची गळती दुरुस्त करायला सोसायटी वर्गणी काढणार. म्हणून ७० लाख, सर्व धनादेशाने. वाचून दाखवताना आवाज कापत होता. काका बराच वेळ गप्प राहिले. आम्ही अपमानाची वाट पाहत होतो, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गळतीचं तुम्हाला कुणी सांगितलं?" तिथून खरे संभाषण सुरू झाले. रोख त्यांनाही नकोच होती, एजंटने सुचवले म्हणून ते बोलले होते. त्यांना मुलाच्या घराशेजारी दोन खोल्या घ्यायच्या होत्या, तिकडे पैसे वेळेवर भरायचे होते, आणि त्यांना आकड्यापेक्षा तारखेची काळजी अधिक होती. पहिल्या दिवशीच्या आदराने यातले एक अक्षर बाहेर आले नव्हते. तीन आठवड्यांनी साडेबहात्तरवर जुळले, दोन महिन्यांत पूर्ण रक्कम देण्याच्या अटीवर. या भावात आम्ही जिंकलो की हरलो, हे आम्हाला आजही नेमके सांगता येत नाही. पण ज्या माणसाशी आम्ही भीड ठेवून बोललो तो आम्हाला अनोळखीच राहिला, आणि ज्याच्याशी घासाघीस केली तो कळला.

विसार पावती लिहिताना काका म्हणाले, "झोपाळा मात्र मी नेणार हं." झोपाळ्याविषयी आजवर कोणी शब्द काढला नव्हता, आम्ही तो मनातल्या मनात साडेबहात्तरात धरला होता. तसे स्पष्ट बोलून दाखवले तेव्हा काकू हसल्या. मग पावतीच्या शेवटी आम्हीच आमच्या अक्षरात लिहिले : 'झोपाळा वगळून'.