सीमेवरचे खलाशी

खानदेशातून सुरतेस गेलेला कामगार बमरोली-पांडेसऱ्याच्या यंत्रमागांवर राबतो. भाषा परकी, खोली भाड्याची. तरी पाळी संपल्यावर तो कोठे असेल हे घरच्यांना ठाऊक असते. त्याच गुजरातेत पोटासाठी जाणाऱ्या पालघरच्या आदिवासी खलाशास एवढीही निश्चिती नाही. डहाणू-तलासरीचे तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर हंगाम काढतात. बोट दुसऱ्याची, जाळे दुसऱ्याचे. आणि सर क्रीकचा वाद न मिटल्यामुळे पुढच्या समुद्रात उभय देशांनी मान्य केलेली सीमारेषाच नाही! सशस्त्र गस्तीनौका मात्र दोन्ही बाजूंस आहेत.

6 नोव्हेंबर 2021 रोजी ओख्याहून निघालेल्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात पालघर जिल्ह्यातील एक खलाशी ठार झाला. मार्च 2024 मध्ये याच जिल्ह्यातील एक आदिवासी खलाशी पाकिस्तानच्या कैदेत असताना वारला. त्याचे शव घरी येण्यास महिन्याहून अधिक काळ लागला.

कागदावर व्यवस्था आहे. 2008 च्या करारान्वये दरवर्षी 1 जानेवारी व 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवघेव होते. राष्ट्रीयत्वाची खात्री पटून शिक्षा संपल्यावर महिन्याभरात सुटका व्हावी, असेही त्यात नमूद आहे. प्रत्यक्षात शिक्षा भोगून झालेली माणसे वर्षानुवर्षे खितपत पडतात. (सिंधचे गरीब मच्छीमारही आपल्या तुरुंगांत असतात, हे विसरून चालणार नाही.) आमच्या खलाशाची अडचण दुहेरी आहे. बोटीची नोंद गुजरातेत, घर महाराष्ट्रातील एखाद्या पाड्यावर. मग त्याच्यासाठी दिल्लीचे दार कोणत्या राज्याने ठोठवायचे? 2008 साली ‘कुबेर’ बोट बळकावून अतिरेकी मुंबईत शिरले, तेव्हापासून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासली जाऊ लागली. ते योग्यच झाले. पण ओळख तपासण्यात जी तत्परता दिसते, ती ओळख पटवून माणूस परत आणण्यात का दिसू नये?

निवृत्त न्यायाधीशांच्या संयुक्त समितीचे काम ऑक्टोबर 2013 मधील पाकिस्तान-भेटीनंतर थंडावले. ती समिती पुन्हा कामास लावणे दिल्लीच्या हाती आहे. गांधीनगर व मुंबई यांना तर शेजारी देशाच्या संमतीचीही गरज नाही: परराज्यातून येणाऱ्या प्रत्येक खलाशाची गाव, पाडा व वारसासह सामाईक नोंद पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीपूर्वी त्यांनी करावी.